बोगद्यात अडखळणारा बाण

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. निगडीहून लिहितोय. मी 2010 च्या मॉडेलची पेट्रोल सेदान सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात नॅव्हिगेशन असलेला टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घेतला होता. त्याला जीपीएसची अँटेना आहे आणि गाडीच्या स्पीडची वायरही जोडलेली आहे. कामासाठी पनवेलला जाणं-येणं असतं. एक्स्प्रेस वेवर कामशेतच्या नाहीतर भाताणच्या बोगद्यात शिरलं की पूर्वी नकाशावरचा बाण गाडीबरोबर पुढे सरकायचा. आता कधी सरकतो, कधी बोगद्याच्या मध्यावरच थबकतो आणि बाहेर पडल्यावर एकदम उडी मारतो. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सेन्सरचं एक पान आहे. तिथे स्पीडचा आकडा चालत्या गाडीत मधेच शून्य होतो आणि थोड्या वेळाने परत येतो. गाडीच्या मीटरचा काटा मात्र तेव्हा पडत नाही, बरोबर वेग दाखवतो. चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. अ‍ॅक्सेसरीवाल्याच्या सांगण्यावरून गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर नवा टाकला, काडीचा फरक नाही. आता तो म्हणतोय, स्टिरिओच बदला. खराब रस्त्यावर हा त्रास जास्त होतो, पावसाशी संबंध दिसत नाही. आणि एक गंमत म्हणजे मी एकटा असलो तर क्वचित होतो, बायको शेजारी बसलेली असली की हमखास. स्टिरिओवर पैसे घालू का?

उत्तर : स्टिरिओ अजिबात बदलू नका. तुम्ही ज्याला गंमत म्हणताय, ती मला या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ वाटते. माझ्याकडे गाडी येते तेव्हा मी मल्टिमीटर हातात घेण्याआधी हेच विचारते : बिघाड कधी होतो, आणि कधी होत नाही? सतत बंद असलेली वस्तू शोधायला सोपी असते. येऊन-जाऊन असलेला बिघाड पार्ट बदलून सापडत नाही, तो आपल्याला हवा तेव्हा घडवून आणता आला की सापडतो. तुमच्या पत्रात तो कसा घडवायचा याची चावी आहे. तिच्याकडे येतेच.

आधी ही वायर करते काय, ते बघू. गिअरबॉक्सवरचा सेन्सर चाकांबरोबर फिरणाऱ्या दात्यांवरून विजेचे ठोके तयार करतो. त्याला आम्ही पल्स म्हणतो. हे पल्स गाडीच्या मीटरला आणि इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला जातात, आणि त्यातूनच एक फाटा काढून नॅव्हिगेशनला दिलेला असतो. जपानी पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ताशी 60 किलोमीटरला स्पीडोमीटरची दांडी मिनिटाला 637 फेरे घेते असं धरतात, आणि एका फेऱ्याला 4 पल्स. म्हणजे सेकंदाला साधारण साडेबेचाळीस, किलोमीटरला सुमारे 2,550. एक पल्स म्हणजे रस्त्यावरचे जेमतेम 39 सेंटिमीटर. (काही गाड्यांत एका फेऱ्याला 2, 8 किंवा 16 पल्सही असतात, त्यामुळे हे आकडे तुमच्या गाडीला तंतोतंत लागू होतीलच असं नाही.)

उघड्या आभाळाखाली स्टिरिओला उपग्रह दिसत असतात, तिथे पल्स गळले तरी कळत नाही, जीपीएस ते झाकून टाकतो. बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले की वळण किती घेतलं ते युनिटमधला जायरो सांगतो, आणि किती पुढे गेलो ते फक्त या पल्सवरून मोजलं जातं. कामशेतचा मोठा बोगदा आणि भाताणचा बोगदा साधारण एकेक किलोमीटरचे. ताशी 80 च्या वेगात पल्स पाच सेकंद बंद पडले तर बाण 110 मीटर मागे राहतो. म्हणजे बिघाड बोगद्यात होत नाही, तो दिवसभर होत असतो आणि बोगद्यात उघडा पडतो. हे नीट ध्यानात घ्या, नाहीतर तपासणीसाठी उगाच खंडाळ्याच्या खेपा घालत बसाल. हे काम घराच्या पार्किंगमध्ये होतं.

आता वायरिंगचे दोन भाग करू. सेन्सरपासून फाट्यापर्यंतचा एक, आणि फाट्यापासून स्टिरिओपर्यंतचा दुसरा. पहिल्या भागात गडबड असती तर मीटरचा काटाही पडला असता आणि ईसीयूनेही तक्रार नोंदवली असती. स्कॅनरवर P0500, किंवा सिग्नल येऊन-जाऊन असेल तर P0503 असा कोड दिसतो. तुमच्याकडे काटाही पडत नाही आणि चेक इंजिनचा दिवाही नाही. सेन्सर बदलण्याआधी अ‍ॅक्सेसरीवाल्याने एवढं तरी बघायला हवं होतं. जुना सेन्सर घरी असेल तर फेकू नका, तो बहुतेक चांगलाच असणार.

मात्र काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मीटरचा काटा मुद्दाम संथ केलेला असतो, क्षणभराची गळती तो दाखवत नाही. म्हणून एकदा गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ईसीयूला दिसणारा वेग आणि स्टिरिओच्या पानावरचा वेग एकाच वेळी बघायला सांगा. गाडी एकाने चालवायची, बघायचं दुसऱ्याने. ईसीयूचा आकडा स्थिर आणि स्टिरिओचा शून्य झाला, की पहिला भाग सुटला. तुमच्या वर्णनावरून तसंच होईल असं मला वाटतं, कारण तुमचा आकडा काही वेळ शून्यावर राहतो. एवढा वेळ पल्स गेले असते तर काटाही खाली आलाच असता.

आता वहिनींकडे वळू. शेजारी कोणी बसलं की काय बदलतं? डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स उघडला-मिटला जातो, पाय पुढे जातात, पायाशी पिशवी ठेवली जाते. आणि त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांचा ईसीयू नेमका ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नॅव्हिगेशन बसवणारे स्पीडचा फाटा बहुतेक वेळा तिथूनच घेतात, कारण मीटर खोलण्यापेक्षा ते सोपं. तुमचा जोड तिथे आहे, आणि ग्लोव्ह बॉक्सच्या कप्प्याची मागची बाजू नाहीतर त्याचा दांडा त्या वायरला दर वेळी ओढतोय किंवा घासतोय, असा माझा कयास आहे. खराब रस्त्यावर त्रास वाढतो, तेही याच्याशी जुळतं.

ग्लोव्ह बॉक्स काढण्याआधी चावी बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. स्टिरिओला कोड असेल तर आधी लिहून ठेवा. तिथे पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लग) किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांच्यावर मल्टिमीटर लावण्याचा मोह तर मुळीच नको.

ईसीयूच्या कपलरकडे जाणाऱ्या जाड गुंडाळीवर टॉर्च मारा. कंपनीच्या वायरीला बाहेरून चिकटलेली एखादी परकी वायर दिसेल. जोड दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक म्हणजे पक्कडीने दाबून बसवायची छोटी प्लास्टिकची क्लिप. तिच्यात पितळेसारखं पातं असतं, ते कव्हर कापून आतल्या तांब्याला टेकतं. दुसरा प्रकार म्हणजे कव्हर सोलून पीळ दिलेला आणि वर काळी टेप. क्लिप असेल तर ती उघडून भिंगातून बघा. स्पीडची वायर बारीक असते आणि क्लिप जाड वायरीच्या मापाची असली तर पातं तांब्यावर घट्ट बसत नाही. उलट क्लिप लहान पडली तर पातं तांब्याचे धागेच तोडतं. कव्हरच्या खाचेत दोन-तीन धागे तुटून मागे वळलेले, उरलेल्यांवर हिरवट-काळी पूड, आणि पात्याच्या टोकावर बारीकशी चकाकती रेघ, जिथे ते नुसतं घासत राहिलं होतं : हे चित्र मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की क्लिप दिसली की बाकी काही न बघता आधी ती काढते. टेपचा जोड असेल तर उन्हाने टेपचा गोंद वितळून चिकट झालेला आणि पीळ सैल पडलेला सापडेल.

पण दिसलं म्हणून थांबू नका, मोजून खात्री करा. बॅटरी परत जोडा. गाडी सपाट जागी ठेवून मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं एकच चाक जॅकवर घेऊन स्टँड द्या. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, चावी ऑन. कोणालातरी ते चाक हाताने सावकाश फिरवायला सांगा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरचा संच) निम्माच फिरतो, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला साधारण दोन-तीन पल्स मिळतील. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन कपलरच्या मागच्या बाजूने स्पीडच्या वायरीला लावा. वायरीचं कव्हर टोचू नका, तिथून पुढे ओल शिरते. आकडा जवळजवळ शून्य आणि वर, असा वरखाली होईल. वरचा आकडा गाडीप्रमाणे 5 च्या किंवा 12 च्या आसपास असतो. इथे बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये. तो एवढा करंट ओढतो की सिग्नल दबतो आणि ईसीयूलाही त्रास होऊ शकतो.

आता चाक अशा जागी थांबवा की आकडा वरचा राहील. मीटर स्टिरिओच्या मागच्या वायरीवर न्या आणि जोड हलवा, ग्लोव्ह बॉक्स तात्पुरता बसवून उघड-मीट करा. आकडा पडला तर जोडच गुन्हेगार. पडला नाही तरी त्याला निर्दोष ठरवू नका. काही स्टिरिओ स्वतःच आतून त्या वायरीला वरचा व्होल्टेज देतात, त्यामुळे वायर तुटली तरी आकडा वरच दिसतो. म्हणून चाक थोडं फिरवून आकडा शून्याजवळ आणा आणि परत हलवा. या वेळी आकडा उसळला तर वायर तुटतेय. दोन्ही स्थितींत हलवल्याशिवाय जोड चांगला म्हणू नये. ही दुसरी अर्धी चाचणी पुष्कळ जण करत नाहीत आणि मग स्टिरिओवर खापर फुटतं.

जोड ठीक निघाला तर पुढे जायचं : फाट्यापासून स्टिरिओपर्यंतची वायर कुठल्या पत्र्याच्या कडेवर घासतेय का, स्टिरिओमागच्या कपलरमधली पिन मागे सरकली आहे का. पिन मागे सरकली असेल तर वायर हळूच ओढल्यावर हातात येते. आणि शेवटी स्टिरिओचं अर्थिंग. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू करून बॅटरीचा निगेटिव्ह आणि स्टिरिओच्या काळ्या वायरीमध्ये व्होल्ट मोजा. एक दशांश व्होल्टच्या आसपास असेल तर चांगलं. अर्धा व्होल्ट दिसला तर स्टिरिओसाठी शून्य हा शून्य राहत नाही. रंग दिलेल्या पट्टीला स्क्रूने आवळलेलं अर्थिंग हे त्याचं नेहमीचं कारण.

आकडा कुठल्या दिशेने चुकतो तेही बघण्यासारखं आहे. तुमचा खाली पडतो, म्हणजे पल्स हरवतात. काहींच्या गाडीत उलटं होतं, साठच्या वेगाला स्टिरिओ नव्वद दाखवतो. तिथे वायर तुटलेली नसते, तिच्यात बाहेरचा गोंगाट शिरलेला असतो. अशा वेळी ती वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर केबलपासून आणि इग्निशनच्या वायरींपासून लांबून न्यावी. त्याने भागलं नाही तर जाळीची वायर घालावी आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करावी.

दुरुस्तीबद्दल माझं मत ठाम आहे : क्लिपच्या जागी नवी क्लिप नको. त्या वायरीवर गाडीचं इंजिन अवलंबून आहे, आपण तिच्यातून नुसता उसना सिग्नल घेतोय. कंपनीच्या वायरीचे धागे तुटले असतील तर तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची चांगली वायर जोडा, नाहीतर आज नॅव्हिगेशन गेलं तसं उद्या मीटर जाईल. बॅटरी परत सोडवूनच डाग द्यायला (सोल्डर करायला) बसा. धागे शाबूत असतील तर कव्हर सेंटिमीटरभर सोला, वायर कापू नका, नव्या वायरीचं टोक तिच्याभोवती गुंडाळून डाग द्या. न कापलेल्या वायरीवर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) सरकत नाही, म्हणून वर कापडी हार्नेस टेप घट्ट गुंडाळा. आणि जोडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर नवी वायर मुख्य गुंडाळीला बांधून टाका. डाग दिलेली जागा ताठ होते आणि वायर तिच्या कडेलाच मोडते. ओढ बांधलेल्या जागी बसली पाहिजे, डागावर नाही. ग्लोव्ह बॉक्स बसवताना त्याची मागची बाजू कुठे टेकते ते एकदा हात घालून बघा.

सगळं झालं की स्टिरिओच्या त्याच सेन्सर पानावर जाऊन आधी शिकलेलं अंतर पुसून टाका. हे युनिट जीपीएस आणि पल्स ताडून 'किती पल्स म्हणजे किती मीटर' हे स्वतः शिकत असतं, आणि इतके दिवस ते गळक्या पल्सवर शिकलंय. पुसल्यानंतर मोकळ्या आभाळाखालच्या सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवा, मगच बोगद्यात त्याची परीक्षा घ्या. टायरचं माप बदललं तरी हेच करायचं असतं.

प्रश्न : फोनवरचा नकाशा एवढा चांगला असताना गाडीत स्पीडची वायर जोडायची गरज आहे का? (नाशिक)

उत्तर : शहरात आणि साध्या हायवेवर गरज नाही. पण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यात इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. फोनला उपग्रह दिसले नाहीत की तो आधीच्या वेगावरून अंदाज करतो. तुम्ही आत वेग कमी केलात, ट्रकमागे अडकलात, की अंदाज चुकत जातो. पल्स जोडलेल्या युनिटला तुम्ही हळू झालात ते कळतं. बाहेर पडल्यावर लगेच फाटा घ्यायचा असेल तिथे हा फरक जाणवतो. जे लोक सतत अशा रस्त्यांवर असतात, ज्यांच्या गाड्या बेसमेंट पार्किंगमधून निघतात, त्यांनी वायर जोडून घ्यावी. बाकीच्यांनी तेवढ्यासाठी गाडीची वायर सोलू नये.

प्रश्न : आमच्याकडच्या इन्स्टॉलरला स्पीडची वायर सापडेना. तो म्हणतो, चाकाजवळ एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आहे, तिथून फाटा घेतो. चालेल का? (लातूर)

उत्तर : नाही. त्याला स्पष्ट नाही म्हणा, आणि ऐकत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. आजकालच्या बऱ्याच एबीएस सेन्सरना दोनच वायरी असतात आणि त्यातला सिग्नल व्होल्टेजचा नसून करंटचा असतो, 7 आणि 14 मिलिअँपिअरमध्ये बदलणारा. त्यात दुसरं काही जोडलं की ब्रेकच्या कंट्रोलरचं मोजमाप बिघडतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा सिग्नलही संथ वेगात अगदी क्षीण असतो, त्याच्यावर जादा भार सोसवत नाही. नकाशासाठी ब्रेकला हात लावू नये.

गाडी नव्या पिढीची असेल तर स्पीडची वेगळी वायर नसण्याचीच शक्यता जास्त. वेग कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन पिळदार वायरींवर संदेशाच्या रूपात फिरतो. तिथे तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला कॅन अ‍ॅडॉप्टर लागतो, तो संदेश वाचून त्याचे पल्स बनवून देतो.

प्रश्न : ताई, आम्ही ऑकलंडला असतो. जपानहून आलेली सेकंडहँड टोयोटा घेतली आहे. तिचा मूळ स्टिरिओ आणि नकाशा जपानीत आहे, तो काढून नवा बसवायचा आहे. स्पीडची वायर कुठे शोधायची?

उत्तर : तुमचं काम सोपं आहे. जपानच्या बाजारासाठीच्या टोयोटा गाड्यांमध्ये स्टिरिओच्या मागे पुष्कळदा पाच पिनचा एक छोटा पांढरा कपलर असतो. त्यात स्पीड, रिव्हर्स आणि हँडब्रेक असे तीन सिग्नल तयार मिळतात. त्याला लागणारी तयार वायर बाजारात मिळते, गाडीची एकही वायर सोलावी लागत नाही. नव्या युनिटच्या बाजूला पायोनियरसारख्या कंपन्या स्पीडसाठी गुलाबी, रिव्हर्ससाठी जांभळी आणि हँडब्रेकसाठी पोपटी वायर देतात. पण गाडीच्या बाजूच्या रंगांवर विसंबू नका, वर सांगितल्याप्रमाणे चाक फिरवून मोजा. रिव्हर्सची वायरही जोडाच. ती नसली तर बेसमेंटमध्ये गाडी मागे घेताना पल्स येतच राहतात आणि युनिट तुम्हाला पुढे नेतं. पार्किंगमधून बाहेर आल्यावर बाण शेजारच्या रस्त्यावर दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि लोक अँटेना बदलत बसतात.